थंडीचा बंदोबस्त

जगाच्या पाठीवर ज्या ज्या मुलखांत हिवाळा म्हणून काही खराखुरा पदार्थ अस्तित्वात आहे, त्या त्या मुलखांतील गृहस्थ शरद ऋतू सरताच धुराड्यांतील काजळी खरवडतात, ऊन पाणी खेळवणाऱ्या नळांतील कोंडलेली हवा सोडून देतात, दाराखिडक्यांच्या फटी बुजवतात आणि येऊ घातलेल्या शत्रूशी दोन हात करण्यास सिद्ध होतात, हे आपण ऐकून आहो. आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही, कारण जेथे थंडीने माणूस दगावतो तेथे थंडीची तयारी करण्यास फारसे शहाणपण लागत नाही, जिवाची भीती पुरते. नवल करावयाचे ते आम्हा रत्नागिरीकरांचे. सतराव्या अक्षांशावर, समुद्राला अगदी खेटून, बारमाही घामाची सनद मिळाल्याप्रमाणे राहणारा हा समाज थंडीच्या स्वागताचा जो सरंजाम दरसाल उभा करतो, तो पाहून एखाद्या परस्थाचा असा ग्रह व्हावा की, पौष महिन्यात मांडवीच्या जेटीला बर्फ धरतो आणि रत्नदुर्गाच्या उतारावरून पोरे घसरगाड्या सोडतात.

वस्तुस्थिती दप्तरी नमूद आहे. जानेवारी महिना हा आमच्या थंडीचा परमोत्कर्ष. त्या महिन्यातसुद्धा येथील सर्वसाधारण पहाट अठरा-एकोणीस अंशांवर उगवते आणि दुपारी पारा तीस-एकतीस अंशांवर जाऊन स्वस्थ बसतो. दोष समुद्राचा आहे. पाणी सावकाश तापते व सावकाशच निवते, त्यामुळे समुद्रकाठच्या माणसाला ना धड देशावरचा उन्हाळा लाभतो ना धड देशावरचा हिवाळा. दिवसा खारा वारा समुद्रावरून गावात शिरतो. रात्री जमीन पाण्याच्या आधी निवली म्हणजे सह्याद्रीच्या अंगाने मतलई वारा सुटतो, आणि आमच्या वाट्याची जी काही थंडी असते ती या मतलईच्या हस्ते, देशावर सर्वत्र वाटप झाल्यावर शिल्लक राहिलेल्या रकमेतून, पहाटे तीन ते सहा एवढ्याच मुदतीकरिता अदा करण्यात येते.

ही रक्कम अपुरी असल्याची खंत आम्हांस फार आहे. सकाळच्या वर्तमानपत्रात निफाडचा पारा किती घसरला, महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठून हिमकण कसे झाले, यांची वर्णने आम्ही ज्या असूयेने वाचतो, त्या असूयेने दुसऱ्याच्या मुलाचे परीक्षेतील गुणही वाचीत नाही. घरच्या घरी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, दापोलीला आमच्याहून कडक थंडी पडते हे तर अधिकच झोंबणारे. पठारावरच्या त्या हवेवर भाळून इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी घातली होती, आणि छावणी उठून किती पिढ्या लोटल्या तरी ‘कॅम्प दापोली’ असा उच्चार करताना दापोलीकर गळ्याभोवती अदृश्य मफलर गुंडाळून घेतो. त्याच इंग्रजांनी रत्नागिरीची निवड निराळ्या कामासाठी केली. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेहून काढून १८८६ साली येथे आणून ठेवले. पुढे १९१० साली त्याच्यासाठी प्रशस्त राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो येथेच वारला. उलटपक्षी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली सहा वर्षांसाठी मंडालेस धाडण्यात आले. एका गावची हवा दुसऱ्या गावच्या माणसास शिक्षा म्हणून पुरते, असा सरकारचा अभिप्राय असावा. थिबा राजाने येथे तीस हिवाळे काढले, परंतु त्याच्या शिक्षेत थंडीचे कलम जवळजवळ नव्हतेच, एवढे रत्नागिरीच्या बाजूने म्हणता येईल.

आता हिवाळा इतका सूक्ष्म असल्यावर तो सुरू झाल्याचा निर्णय कसा करावयाचा, हा प्रश्न उरतो. पंचांगातील हेमंत ऋतूवर आमचा भरवसा नाही, वेधशाळेच्या आकड्यांवर त्याहून नाही. रत्नागिरीत हिवाळ्याचा अधिकृत प्रारंभ पंख्याच्या बटणावरून ठरतो. मृगापासून आश्विनापर्यंत पाचाच्या आकड्यावर अहोरात्र गरगरणारा पंखा ज्या रात्री घरातील वडील माणसाच्या हुकमाने तिनावर येतो, त्या रात्री थंडी पडली असे समजावे; तो दोनावर आला म्हणजे थंडी कडाक्याची आहे; आणि एखाद्या घरात पंखा समूळ बंद झाल्याचे वृत्त कानी आले, तर त्या घरी कोणास तरी ताप भरला आहे असे धरून भेटीला जावे. पंखा चालू ठेवून वाकळ डोक्यावरून घेणे, यात परप्रांतीयास विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. पंख्यावाचून झोप येत नाही ही सवय आहे, वाकळीवाचून हिवाळा वाटत नाही ही भावना आहे, आणि सवय व भावना यांचा एकाच खाटेवर असा गुण्यागोविंदाने संसार चाललेला क्वचितच पाहावयास मिळतो.

खोली तापवण्याचा विचार आमच्या पूर्वजांच्या मनास कधी शिवला नाही, याचे प्रमाण आमची घरेच देतात. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत भिंतीत कोरलेली शेगडी आणि छपरातून वर निघालेले धुराडे दिसते. आमच्या घरात जे काही कोरले आहे ते ऊब घालवून देण्यासाठी. जांभ्या दगडाच्या भिंती, चारी बाजूंनी पडव्या, माजघराला आढ्यापर्यंत पोकळी, आणि वर कौले. पूर्वी ती गावच्या कुंभाराची नळीची असत. पुढे बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यानंतर चपटी मंगळुरी कौले किनाऱ्याने वर सरकत आमच्यापर्यंत आली. दोन्ही जातींच्या कौलांचा गुण एक, की पाऊस वरून आत येत नाही आणि ऊब आत राहत नाही. अशा घरात शेगडी पेटवून खोली तापवू म्हणणारा मनुष्य वस्तुतः आकाश तापवीत असतो. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या व्यवहारी दृष्टीने असा निर्णय केला की, घर तापवण्याच्या भरीस न पडता घरातील माणूस तेवढा तापवावा, तोही दिवसातून एकदा, सकाळी, बाहेरून. आणि त्या कामी तांब्याचा बंब नेमण्यात आला.

बंबाच्या बंदोबस्ताची सुरुवात दिवाळीत होते असे ज्यांना वाटते त्यांनी कोकणातील आगोट पाहिलेली नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या गावावर कोसळतो, त्या गावात कोरडे लाकूड हे नाण्याइतकेच चलनी असते, आणि ते मृग नक्षत्र लागण्यापूर्वी छपराखाली गेले पाहिजे. वैशाखातच मागीलदारी लाकडांचा ढीग पडतो. त्यात किंजळ असते, ऐन असतो, वाऱ्याने मोडलेली आंब्याची खांदी असते, किनाऱ्यालगतच्या घरी सुरूचे ओंडके असतात. लाकूड ओळखणारे डोळे घरात एक तरी जोडी लागतात, कारण या गर्दीत बिब्ब्याचे एखादे ढलपे शिरले, तर त्याच्या धुराने सर्व कुटुंबाच्या अंगावर बिब्बा उततो आणि थंडीचा विचार करण्याची कोणास फुरसत राहत नाही. लाकडांखालोखाल आगरातली पैदास: नारळाची सोडणे, करवंट्या, वाळकी चुडते, पोया, आणि सर्वांत खालच्या श्रेणीत कलमांखालून गोळा केलेला पातेरा. हा सर्व ऐवज आमच्या मातोश्रींच्या ताब्यात असे. सरकारी खजिन्याची किल्ली एखाद्या शिरस्तेदाराने कमरेला लावावी, त्या निष्ठेने त्यांनी पडवीतील जळणाची राखण केली. करवंटी कोणास द्यावयाची, सोडण कोणास, पातेऱ्यावर कोणाची बोळवण करावयाची, याची त्यांच्या मनात एक वतनदारी होती. जावई आला तर सुरूचे लाकूड निघे. भाऊबंद आले तर चुडतावर भागे. आणि वर्गणी मागावयास येऊन मुक्काम ठोकणाऱ्या गृहस्थास केवळ पातेऱ्यावर तापलेले, धुराचा वास लागलेले कोमट पाणी मिळे, ज्यावरून चाणाक्ष पाहुणा वर्गणीचाही अंदाज बांधी.

खरी गोम अशी की, या बेगमीचा मोठा वाटा हिवाळा उजाडण्यापूर्वीच संपलेला असतो. कोकणात ऊब कधी लागत असेल तर ती आषाढ-श्रावणात, भिंतींना ओल येते, मीठ पाझरते, धोतर चार-चार दिवस वाळत नाही आणि ट्रंकेतील लोकरी कोटावर बुरशीची नक्षी उमटते तेव्हा. त्या दिवसांत विस्तवावर डाल पालथी घालून तिच्यावर लहान मुलांची दुपटी शेकावी लागतात, वैलावर पापड खडखडीत करून घ्यावे लागतात, आणि न्हाणीघरातील निखारे दिवसभर कोणत्या ना कोणत्या कामावर तैनात असतात. सारांश, पावसाळा ऊब खाऊन जातो आणि हिवाळा मान खाऊन जातो. तथापि पावसाळ्यासाठी ‘तयारी’ हा शब्द कोणी वापरीत नाही. तो शब्द थंडीसाठी राखून ठेवलेला आहे.

या तयारीचा मुख्य समारंभ नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी. अडगळीतून बंबाची स्वारी बाहेर निघते. त्याची रचना फार प्राचीन आणि फार शहाणी आहे: बाहेर तांब्याचे पिंप, त्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेली नळकांडी, तिच्या तळाशी लोखंडी जाळी. नळकांडीत विस्तव, तिच्या भोवती पाणी, खाली राख. धूर वरच्या तोंडाने बाहेर. एका बाजूच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतावे तेव्हा ते तळाशी जाते आणि वर चढलेले ऊन पाणी दुसऱ्या बाजूच्या तोटीतून बादलीत पडते. प्रथम जाळीत अडकलेली गेल्या वर्षीची राख ठोकून काढावयाची. नळकांडीच्या आतल्या अंगाची काजळी वाळक्या सोडणाने घासावयाची. तोटीपाशी ओल धरते काय ते बोट फिरवून पाहावयाचे आणि धरत असल्यास तांबटाकडून झाळून घ्यावयाचे. मग चिंच आणि राख. चिंचेचा कोळ लागताच काळवंडलेल्या तांब्यावर बोटांच्या वाटेने लालसर पट्टे उघडत जातात, आणि घरातील एरवी काडी इकडची तिकडे न करणारी मुले हा चमत्कार पाहण्यासाठी आपण होऊन हात काळे करून घेतात. तिन्हीसांजेला बंब पाटावर बसतो, त्याला हळदकुंकू लागते, गळ्यात झेंडूची माळ पडते, विहिरीचे पाणी वाजत-गाजत आत जाते. ज्या यंत्राची अशी षोडशोपचार पूजा करून मगच त्याला कामावर रुजू करून घेतात, असे दुसरे यंत्र मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कारीट पायाखाली फुटण्याच्या आधी, तो पेटतो. वस्तुतः ऑक्टोबरचा उकाडा अद्याप पुरता ओसरलेला नसतो. तेल-उटणे लावून बसलेल्या माणसाच्या अंगाला पाण्याआधीच घामाचे अभ्यंग घडत असते. परंतु त्या दिवशी सूर्योदयापूर्वी ऊन पाण्याने न न्हाणाऱ्यास नरकाची धमकी आहे. उकाड्यात कढत पाणी अंगावर न घेतल्यास पुढे कायमचे कढत ठिकाण मिळेल, या युक्तिवादातील बारकावा शास्त्रकारांनाच ठाऊक. आम्ही मुकाट्याने तांब्या उपसतो आणि हिवाळा सुरू झाल्याचे एकमेकांस सांगतो.

बंबाच्या राज्यात कायदा एकच: जितके पाणी काढाल तितके भरा. हा कायदा मोडला तर तोटी रिती होते, आणि पाण्यावाचून विस्तव राहिला तर तांबे भलतेच तापून सांध्यांची झाळ वितळते, म्हणजे अपराध एकाचा आणि गळती सर्वांची. असे असता, जगातील कोणत्याही कायद्याचे इतके सर्रास उल्लंघन झाले नसेल. प्रत्येकाची जबानी ठरलेली असते. थोरले चिरंजीव म्हणतात, ‘मी भरलं होतं, माझ्यानंतर कोणीतरी काढलं.’ धाकटे म्हणतात, ‘मी काढलंच नाही, कोमट होतं.’ पाहुणे म्हणतात, ‘तुमच्याकडे भरायची पद्धत आहे होय?’ गृहस्वामिनीच्या पंचनाम्यात मात्र दरवेळी एकच आरोपी निष्पन्न होतो, आणि तो हा लेख लिहीत आहे. पुराव्याची छाननी करण्याची तिकडे वहिवाट नाही.

अलीकडे या एकछत्री अंमलाला प्रतिस्पर्धी निर्माण झाले आहेत. प्रथम विजेची कांडी आली, जी बादलीत सोडून तिच्याकडे पाहत उभे राहावे लागते आणि जिने आमच्या आळीतील पुष्कळांना बोट बुडवण्याचा मोह आवरण्याचे आत्मसंयमन शिकवले. मग गीझर आला. तो भिंतीवर उंच बसतो, तांबडा डोळा मिचकावतो, आणि वीज गेली म्हणजे इतर सर्व सरकारी कचेऱ्यांप्रमाणे केवळ जागा अडवतो. त्याची हिवाळी तपासणी करावयास आलेल्या कारागिराने झाकण काढून आतील कांडी आमच्यासमोर धरली. खाऱ्या हवेने तिच्या टोकाला फुटलेले हिरवे-तपकिरी मोड पाहून तो म्हणाला, ‘काका, समुद्राजवळ लोखंड टिकत नाही हो,’ आणि समुद्र हलवणे शक्य नसल्याने नव्या कांडीचे पैसे घेऊन गेला. सर्वांत शेवटी गच्चीवर सौर बंब चढला. त्याला जळण लागत नाही, धूर नाही, राख नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो तुडुंब कढत पाणी देतो, म्हणजे ज्या दिवशी गार पाण्यानेही भागले असते त्या दिवशी तो अगदी बिनचूक असतो. पावसाळी ढगांत तो व्रतस्थ होतो. शिवाय त्याच्या काचेच्या नळ्या वानरांना फार आवडतात. शेजारच्या गच्चीवरून उडी घालून त्या नळ्यांवर दुपारची विश्रांती घेणारा हुप्प्या मी पाहिला आहे. त्याच्या मुद्रेवरील समाधान पाहता, सौर ऊर्जेचा थेट लाभ घेणारा तोच पहिला रत्नागिरीकर म्हणावा लागेल.

माझा भाचा कॅनडात, विनिपेग या शहरी असतो. तेथे हिवाळ्यात पारा उणे तिसापर्यंत उतरतो, आणि रात्री मोटारीच्या इंजिनालासुद्धा विजेची तार जोडून ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी ती चालत नाही. ऑक्टोबर लागताच त्याच्या घरी भट्टीची गाळणी बदलतात, धूर बाहेर नेणारी नळी मोकळी आहे ना हे पाहतात, विषारी वायूची सूचना देणारी घंटा वाजवून तपासतात, अंगणातील नळाचे पाणी आतूनच तोडतात; न तोडल्यास ते गोठून नळ फुटतो. हे सर्व त्याने फोनवर सांगितले आणि पुढे चौकशी केली,

‘मामा, तुमच्याकडे हीटिंगचं काय केलंत यंदा?’

‘बंबाला चिंच लावली.’

‘तसं नव्हे. खोलीचं तापमान किती ठेवता?’

‘आम्ही नाही ठेवत. ते आपलं आपण राहतं.’

‘आम्ही एकवीसवर ठेवतो. मस्त वाटतं.’

एकवीस! ज्या उष्णमानाला आमच्याकडे कानटोप्या निघतात, शाळकरी मुलांना स्वेटर चढतात आणि ‘काय गारठा हो’ या वाक्याने संभाषणास प्रारंभ होतो, ते उष्णमान मिळवण्यासाठी माझा भाचा अहोरात्र भट्टी जाळून, गाळण्या बदलून, महिन्याकाठी बिल भरीत होता. त्याच्या घरातील ऊब ती आमची हुडहुडी. फोन मामीच्या हाती गेला तेव्हा तिने तत्त्वज्ञान बाजूस सारून एकच विचारले, ‘पण अरे, आंघोळ रोज करता ना?’ आणि तिकडून उत्तर येण्यास जो विलंब लागला तो तारेतील दोष नसावा.

निसर्गाची वाटणी किती अव्यवहारी असते याचा पुरावा आमच्या जिल्ह्याच्या भूमीखालीच सापडतो. विनिपेगला ज्याची गरज, ते पृथ्वीच्या पोटातून फुकट वर येणारे ऊन पाणी विधात्याने कोकणपट्टीत ठेवले आहे. उत्तरेस वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून निघालेली उन्हाळ्यांची रांग आमच्या जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी अशी मुक्काम करीत राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत येते. येथे ज्वालामुखी नाही. पावसाचेच पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल खोल उतरते, पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या घरात असते, एवढे की अंगावर घेण्यापूर्वी ते निवू द्यावे लागते. लाकूड नाही, चिंच नाही, झाळ नाही आणि भरावयाचा कायदाही नाही, कारण भरण्याचे काम पर्जन्याकडे आहे. देशातील ज्या थोड्या प्रदेशांना तापल्या पाण्याचे अगत्य सर्वांत कमी, त्यांतल्या एकाला भूगर्भखात्याने हे इनाम वंशपरंपरेने बहाल करावे, यावरून वरच्या दरबारातही अर्जांची फाईल कोणी वाचीत नसावे असे वाटते.

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल की रत्नागिरीकरांची ही सारी तयारी म्हणजे निव्वळ हौस. तो समज मी दूर केला पाहिजे. थंडीची आम्हांस खरोखर निकड आहे. फक्त ती आम्हांला स्वतःला नको, आमच्या कलमांना हवी आहे. हापूस हा फार राजस वृक्ष. पावसाळा संपून जमीन सुकू लागली, जुनी पालवी जून झाली आणि रात्रीचा पारा ओळीने काही दिवस विसाच्या बराच खाली राहिला, म्हणजे तो मोहोरावयाचे मनावर घेतो. मोहोर लवकर तर फळ लवकर; फळ लवकर तर पहिली पेटी वाशीच्या बाजारात लवकर; आणि पहिल्या पेटीला जो भाव येतो, त्यावर मुलीचे लग्न, घराची कौले आणि सोसायटीचे कर्ज अशा तीन गोष्टी टांगलेल्या असतात. थंडी चुकली तर झाड मोहोराऐवजी पालवी काढून मोकळे होते. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस वाचून पावसाळ्यातच मुळांशी औषध ओतून ठेवणारे बागायतदार, आपण नको तो खर्च केला की करावयास हवा होता तो कमी केला, या विवंचनेत पडतात. तिकडे फिलिपिन्स बेटांत पूर्वी आंब्याच्या झाडाखाली दिवसचे दिवस ओला पाचोळा जाळून धुराने मोहोर आणीत असत. म्हणजे तेथे झाडालाही बंब होता. आमच्या हापूसला धूर चालत नाही. त्याला पाहिजे मतलई वारा, कोरडे आभाळ आणि मोजकी थंडी.

‘मोजकी’ हा शब्द त्यात कळीचा आहे. थंडी फार दिवस लांबली तर आंब्याला पुन्हा मोहोर फुटतो, आणि नव्या मोहोराचे लाड पुरवण्याच्या नादात झाड आधी धरलेली सुपारीएवढी फळे गाळून टाकते. ढग आले तर तुडतुडा येतो, दव फार पडले तर भुरी येते. तेव्हा बागायतदाराची मागणी अशी असते की, थंडी मार्गशीर्षात यावी, वेळेवर यावी, अठरा-सोळा अंशांपर्यंत यावी, रात्रीच यावी, ढगांना बरोबर आणू नये, आणि काम आटोपताच मागल्या पावली निघून जावे. इतक्या अटी आम्ही जावयासही घातलेल्या नाहीत.

आमचे शेजारी अण्णा हे या द्विधा अवस्थेचे मूर्तिमंत रूप. त्यांची कलमे शंभरावर आहेत. डिसेंबरच्या पहाटे ते कानटोपी, दोन स्वेटर, त्यावर घोंगडी आणि पायांत मोजे अशा सरंजामाने खळ्यात पातेऱ्याची शेकोटी करून बसतात. हातात जुने उष्णतामापक असते. ते शेकोटीपासून लांब, कुंपणाच्या खांबाला टांगून येतात, दात वाजवीत परततात, दोन्ही तळहात ज्वाळेवर धरतात आणि म्हणतात, ‘छ्या! साडेएकोणीस! ह्याला काय थंडी म्हणायची? अजून तीन-चार अंश उतरायला हवी हो!’ हे ‘उतरायला’ ते हुडहुडीने तीन ठिकाणी तोडून उच्चारतात. काकू आतून आल्याचा चहा पाठवतात, वर निरोप पाठवतात की थंडी बाधेल, आत या. अण्णा विस्तवावर आणखी पातेरा टाकतात आणि आणखी थंडी मागतात. एकाच माणसाचा देह एका पक्षात आणि जमाखर्चाची वही दुसऱ्या पक्षात गेल्यावर याहून वेगळे काही व्हावयाचे नाही. रत्नागिरीतील प्रत्येक घरात कमीअधिक प्रमाणाने हेच तह-लढाईचे राजकारण चाललेले असते: न्हाणीघरात थंडीला हुसकावण्याची तजवीज, बागेत तिला पायघड्या. इतर मुलखांत हिवाळ्याची तयारी म्हणजे थंडीला बाहेर ठेवणे. आमच्याकडे तिला कुंपणाच्या आत घेऊन उंबऱ्याबाहेर थांबवणे.

या परिस्थितीत, हवामानाचा कारभार ज्या कोणाच्या अखत्यारीत असेल त्यांच्याकडे एक रीतसर अर्ज सादर करावा, असे यंदा आळीतील मंडळींत ठरले. मजकूर अण्णांनी सांगितला, खर्डा मी उतरला. त्यात विनंती केली आहे की, मौजे रत्नागिरी येथील थंडी बागायत जमिनीपुरती मंजूर व्हावी, गावठाणात तिचा शिरकाव होऊ नये. पहाटेची थंडी कलमांच्या शेंड्यांवर पडावी, सत्तरी ओलांडलेल्या इसमांच्या गुडघ्यांवर पडू नये. दुपारचे ऊन वाळवणाच्या दिवसांत सवलतीने मिळावे. पुनर्मोहोरास कारण होणारी ज्यादा थंडी निफाडकडे वर्ग करावी. आणि या उपकाराबद्दल अर्जदार आपले बंब दरसाल चिंचेने घासून, नरकचतुर्दशीस हजर ठेवण्यास बांधलेले आहेत. अर्ज चांगला वठला होता. अण्णांनी चष्मा पुसून सही केली, पाठोपाठ इतरांनी केली. घरातूनही एक सही असावी म्हणून कागद मी न्हाणीघराच्या दाराशी नेला. सौभाग्यवतींनी तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला, ओला हात पदराला पुसला, आणि म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे हो; पण बंबात पाणी कोण भरणार, ते कलम आधी घाला. मग सही करते.’

अर्ज अद्याप आमच्याच घरी आहे.